पाठीवर फिरवलेलं मशिन आणि अकरा लाल पट्टे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत व्हीएमसी मशिनवर (संगणकावर चालणारं धातू कापायचं मशिन) उभ्याचं काम, वय ४१, दोन महिने झाले कंबर धरलीय, पायात कळ नाही. मित्राच्या सांगण्यावरून एका कायरोप्रॅक्टिक (हाताने झटका देऊन मणके सोडवायची उपचारपद्धती) सेंटरला गेलात. तिथे माकडहाडापासून मानेपर्यंत एक हातात मावणारं मशिन फिरवलं, स्क्रीनवर हिरवे, पिवळे, लाल पट्टे दाखवले. 'अकरा ठिकाणी नस दबलीय' म्हणाले आणि चोवीस सिटिंगचं पॅकेज सांगितलं. मशिन खरं बोलतंय का, आणि पैसे भरावेत का?

मशिन खोटं बोलत नाही. फक्त ते बोललं एक आणि तुम्हाला वाचून दाखवलं दुसरंच.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे पुढचं कुठल्या तोंडाने बोलतेय ते कळेल. मी फिजिओथेरपिस्ट, तेवीस वर्षं कोल्हापूरच्या राजारामपुरीत प्रॅक्टिस करते. मणके हाताने सोडवायचं प्रशिक्षण घेतलंय आणि रोज ते काम करते. पाठीचं तापमान मोजणारं यंत्र मी स्वतः नऊ वर्षं वापरलंय. अजून माझ्या कपाटात आहे, वर्षातून दोन-चारदा बाहेर निघतं. त्यामुळे 'सगळी फसवाफसवी आहे' असं म्हणणाऱ्यांतली मी नाही, आणि आलेख दाखवून पॅकेज विकणाऱ्यांतलीही नाही. एकेकाळी दुसऱ्या गटाच्या बऱ्यापैकी जवळ होते, ते खाली येईलच.

सगळा गोंधळ 'नस' या एका शब्दात आहे. आपल्याकडे नस म्हणा, शीर म्हणा, ती रक्ताची का संवेदनेची हे कुणी विचारत नाही. इंजेक्शन घेताना सापडत नाही तीही शीर आणि मणक्यात दबते तीही शीर. मशिन जे मोजतं ते कातडीचं तापमान. कातडीचं तापमान ठरतं मुख्यतः तिच्यात त्या क्षणी किती रक्त खेळतंय त्यावर. म्हणजे मशिन रक्ताच्या नसेचा परिणाम बघतं आणि निकाल मात्र संवेदनेच्या नसेचा दिला जातो. मध्ये एक लांबचा पूल आहे. तो किती भक्कम आहे, एवढाच खरा प्रश्न.

शरीराच्या आत सुमारे ३७ अंश सेल्सिअस असतात, पाठीच्या कातडीवर साधारण ३२ ते ३४. माणूस निवांत बसला असेल तर अख्ख्या कातडीतून मिनिटाला पाव लिटरच्या आसपास रक्त फिरतं; उन्हात, तापलेल्या अंगाने तेच सहा-आठ लिटरपर्यंत जातं. एवढा मोठा नळ उघडायचा-मिटायचा म्हणजे त्यावर कुणाचा तरी हात हवा. तो हात सिंपथेटिक चेतासंस्थेचा, म्हणजे शरीरातली आपोआप चालणारी कामं सांभाळणाऱ्या नसांचा. तिच्या तारा मज्जारज्जूतून निघतात, मणक्यांच्या शेजारी असलेल्या गाठींच्या साखळीत येतात आणि तिथून कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांपर्यंत जातात. तार चेतवली की वाहिनी आवळते, कातडी गार पडते. तार गप्प झाली की वाहिनी सैलावते, कातडी गरम होते. इथपर्यंत कुणाचंही दुमत नाही. मणक्याशी गडबड झाली तर या तारांवर परिणाम होईल, तो कातडीवर गरम-गार होऊन दिसेल, आणि डावी-उजवी बाजू एकमेकींशी ताडून बघितली की जागा सापडेल, हा कायरोप्रॅक्टिकमधला तर्क.

तर्क जुना आहे. डी. डी. पामर यांनी अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टला १८९५ मध्ये हा पंथ सुरू केला. त्यांचे चिरंजीव बी. जे. पामर यांनी १९२४ मध्ये न्यूरोकॅलोमीटर नावाचं यंत्र आणलं, मूळ कल्पना डोसा एव्हिन्स यांची. दोन टोकं मणक्याच्या दोन बाजूंना टेकवायची, आत थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंचा सांधा. दोन टोकांच्या तापमानात फरक पडला की बारीक वीजप्रवाह निर्माण होतो आणि काटा हलतो. हे तत्त्व १८२१ पासून झेबेकच्या नावाने ठाऊक आहे, तुमच्या कंपनीतल्या हीट ट्रीटमेंटच्या भट्टीतही तेच बसवलेलं असेल. यंत्राबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती बी. जे. यांच्या आग्रहाबद्दल: याच्याशिवाय मणक्यातला दोष सापडूच शकत नाही, आणि यंत्र विकत मिळणार नाही, भाड्यानेच घ्यायचं. त्यावरून त्यांच्या कॉलेजात अशी काही फूट पडली की चार शिक्षक बाहेर पडले आणि १९२६ मध्ये त्यांनी इंडियानापोलिसला लिंकन कायरोप्रॅक्टिक कॉलेज काढलं. तेव्हा या मशिनवरून वाद घालणारे तुम्ही पहिले नाही, शंभर वर्षांपूर्वी खुद्द त्यांच्याच घरात भांडण झालंय.

पुढे काट्याच्या जागी कागदावर रेघ आली, मग इन्फ्रारेड आलं. तुमच्या पाठीवर फिरवलं ते बहुधा इन्फ्रारेड आणि संगणकाला जोडलेलं. कातडी स्वतः उष्णतेच्या लहरी सोडते, त्या पकडायच्या. मानवी कातडीची ही लहरी सोडायची क्षमता ०.९८ च्या आसपास असते आणि ती रंगावर अवलंबून नसते, गोरा-काळा सगळ्यांना सारखीच. त्यामुळे कातडी कोरडी आणि स्वच्छ असेल तर मोजणी चांगली येते. लागोपाठ दोनदा, किंवा दोन वेगळ्या माणसांनी मोजलं तरी आलेख बऱ्यापैकी जुळतो, हे अभ्यासांतही दिसलंय आणि माझाही तोच अनुभव. पण पुन्हा पुन्हा तोच आकडा येणं वेगळं आणि त्या आकड्याला अर्थ असणं वेगळं. माझ्या वजनकाट्यावर तुमचं वजन दहा वेळा तेच येईल, त्यावरून तुमची उंची कुणी सांगायला लागलं तर?

आता त्या पुलाकडे वळू. मज्जारज्जूतून सिंपथेटिक तारा बाहेर पडतात त्या फक्त छातीच्या पहिल्या मणक्यापासून कमरेच्या साधारण दुसऱ्या मणक्यापर्यंत. मानेच्या मुळांतून (मूळ म्हणजे मज्जारज्जूतून नस निघते तो भाग) त्या निघत नाहीत, कमरेच्या खालच्या मुळांतूनही नाहीत. पायाकडे जाणाऱ्या सिंपथेटिक तारा वरच निघतात, साखळीतून खाली उतरतात आणि मूळ मणक्याच्या भोकातून बाहेर पडल्यावर त्याला येऊन मिळतात. म्हणजे कमरेत दोन मणक्यांमधली गादी सरकून पाचव्या मुळावर आतल्या बाजूला दाब आला, तर ज्या तारेने कातडी गार-गरम व्हायची ती तार त्या जागी नसतेच. आणि गादी सर्वांत जास्त सरकते कुठे? चौथा-पाचवा मणका, आणि पाचवा मणका व माकडहाडाच्या वरचं हाड यांच्यामध्ये. तिथेच.

त्याहून गमतीची गोष्ट पाठीच्या कातडीची. कातडीला येणारी संवेदनेची शाखा समोरच्याच मणक्यातून येते असं वाटतं ना? ती तिरपी खाली उतरून येते. कमरेच्या वरच्या तीन मुळांच्या शाखा तर पार नितंबावर जातात. आणि चौथ्या-पाचव्या मुळांच्या मागच्या शाखा बहुतेक स्नायूंतच संपतात, कातडीपर्यंत येतच नाहीत. तेव्हा स्क्रीनवर 'एल पाच' (कमरेचा पाचवा मणका) लिहिलेल्या पट्टीत जे तापमान दिसतं, ते 'एल पाच' नावाच्या नसेने पाठवलेलं पत्र नव्हे. त्या हाडासमोरच्या कातडीचं तापमान आहे, बस्स.

बरं, गरम आणि गार यांतली दोषी बाजू कुठली? नस चिडली तर गार, नस बंद पडली तर गरम. म्हणजे उजवी बाजू गरम निघाली तर उजवी नस बंद किंवा डावी चिडलेली. गार निघाली तर उलटं. ज्या चाचणीत गरम आलं तरी तुम्ही आजारी आणि गार आलं तरी तुम्ही आजारी, तिच्यावर माझा भरवसा इथूनच कमी व्हायला लागला.

खरा धडा मात्र एका पोराने दिला. शिरोलीच्या फौंड्रीत कामाला, तिशीच्या आतला, मान आखडलेली. पहिली पाळी सुटली की मोटरसायकल काढून थेट यायचा. त्या दिवशी वेटिंगमध्ये कुणी नव्हतं, मीही घाईत. शर्ट काढायला लावला आणि लगेच यंत्र फिरवलं. खांद्याच्या दोन पात्यांच्या मध्ये सलग चार मणके, डावी बाजू उजवीपेक्षा ०.७ अंशाने गरम. निरोगी माणसाच्या धडावर डाव्या-उजव्यात सहसा पाव अंशाच्या आसपास फरक असतो, त्यामुळे ०.७ म्हणजे घबाडच. मी मोठ्या रुबाबात त्याला आलेख दाखवला, 'इथं गडबड आहे बघ' म्हणाले आणि तीन सिटिंग त्याच जागेवर हात चालवला. तिसऱ्या दिवशी पालथा पडल्या पडल्या तोच म्हणाला, "म्याडम, एक इचारू का? भट्टी माझ्या डाव्या अंगाला असती. दिसभर तिकडनंच भाजतंय. ते मशिनात येत असंल का?"

मी काहीच बोलले नाही. पुढच्या रविवारी सुट्टीच्या दिवशी बोलावलं, वीस मिनिटं उघड्या पाठीने बसवलं आणि मोजलं. फरक ०.१, कुठे ०.२. मान मात्र तशीच आखडलेली. नंतर नीट विचारपूस केली तेव्हा कळलं, मोल्डिंगच्या पेट्या उचलून तो दर वेळी उजवीकडे वळून ठेवत होता, आणि पेट्यांचा रॅक महिन्याभरापूर्वी एक फूट वर सरकवला होता. रॅक खाली आला, मी मानेचे दोन व्यायाम दिले, तीन आठवड्यांत पोरगा मोकळा. पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते मी पंधराव्या दिवशी विचारलं, कारण माझ्या हातात मशिन होतं.

त्यानंतर मी मोजायच्या अटी कडक केल्या, आणि अटी कडक करत गेले तसे माझ्याकडचे 'दोष' गळत गेले. खोली २२ ते २४ अंशांच्या दरम्यान हवी. पंखा बंद, भिंतीवरचा पंखा एका बाजूने लागला तर त्या बाजूची पाठ गार. पेशंट पंधरा-वीस मिनिटं पाठ उघडी ठेवून, खुर्चीला न टेकता बसलेला हवा, कारण खुर्चीची पाठ लागली की तेवढा चौकोन गरम. कूस करून झोपून आला तर एक बाजू गरम. पावसाळ्यात राधानगरीकडून गाडीवर भिजून आलेला माणूस, शर्ट सुकत असतो, पाठ गार. सॅकच्या पट्ट्याचा वळ. बायकांच्या बाबतीत ब्राच्या पट्ट्याचा आणि ब्लाउजच्या हुकांचा वळ. हे पुरुष सहकाऱ्यांच्या लक्षातच येत नाही, आणि छातीच्या मधल्या मणक्यांवर 'दोष' निघालेल्या कितीतरी बायका मी पाहिल्यात. सकाळी व्यायाम, चहा, तंबाखू, मलम, शेक, सगळं बदल घडवतं. पांढरा-तांबडा रस्सा ओरपून आलेल्या माणसाची मान तर मी मोजतच नव्हते.

तालमीतल्या पैलवानांची कथा आणखी वेगळी. एकदा एका वस्तादांनी चार पोरं पाठवली, 'सगळ्यांच्या पाठी मोजा' म्हणून. पोरं जोर-बैठका मारून, तेलाने रगडून घेऊन आलेली. तेलाच्या थराने लहरींचं गणित बिघडतं, रगडल्याने रक्त वर आलेलं, आणि ज्या बाजूला रगडणाऱ्याचा हात जड पडला ती बाजू तापलेली. चौघांच्या आलेखात मला दिसला तो रगडणारा उजवा का डावखुरा, एवढंच! अंगावरची ओली माती आधी जिथे सुकते तिथे दुखणं, असं निदान हिपोक्रॅटिसच्या नावावर सांगतात. खासबागेच्या कुस्ती मैदानात लाल मातीने माखलेल्या पाठी बघताना मला त्याची आठवण होते. माती कुठून आधी सुकेल ते ऊन आणि वारा ठरवणार.

तुमचा आलेखाचा कागद काढायच्या आधी तुम्हाला किती मिनिटं बसवलं होतं? पंखा चालू होता का? उत्तर 'आत गेलो, शर्ट काढला, फिरवलं' असं असेल, तर त्या कागदावर पुढे वाद घालण्यात अर्थच नाही.

समजा सगळं नीट केलं होतं. तरी अकरा लाल पट्टे कसे आले? थोडा हिशोब करू, तुम्ही टॉलरन्समध्ये, म्हणजे मापातल्या चालणाऱ्या फरकात, काम करणारे आहात, तुम्हाला पटेल. मान, छाती, कंबर मिळून हलणारे मणके २४. प्रत्येक मणक्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये एक मर्यादा टाकलेली असते. ती अशी धरू की निरोगी शंभरातले पंचाण्णव आत राहतील आणि पाच बाहेर. एका मणक्यापुरतं हे छान दिसतं. पण चोवीस मणके तपासले की निरोगी माणूस सगळीकडे आत राहायची शक्यता उरते सुमारे २९ टक्के. म्हणजे शंभर ठणठणीत माणसांपैकी सत्तर जणांच्या कागदावर निदान एक लाल पट्टा. शेजारचे मणके एकमेकांपासून अगदी सुटे नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा कमी भरेल, पण चित्र तेच. मर्यादा आणखी घट्ट केली, म्हणजे तीनांतला एक बाहेर पडेल अशी, तर निरोगी माणसाला सरासरी आठ पट्टे रंगीत येतील. ड्रॉइंगवर टॉलरन्स वाट्टेल तेवढा कमी केला की चांगला जॉबही रिजेक्ट होतो, ते हेच. तेव्हा अकरा हा आकडा ऐकून घाबरू नका. आधी विचारा, मर्यादा कुणी ठरवली आणि किती.

दुखण्याशी मेळ बसतो का, हेही तपासून झालंय. कमरेतल्या नसेच्या दाबासाठी थर्मोग्राफी, म्हणजे कातडीचं तापमान मोजून निदान करणं, कितपत चालते याचे अभ्यास १९९१ मध्ये एकत्र तपासले गेले आणि तिची शिफारस करावी असं त्यांतून काही निघालं नाही. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने १९९२ च्या अखेरीपासून थर्मोग्राफीचे पैसे कुठल्याच आजारासाठी द्यायचे नाहीत असं ठरवलं. ज्या देशात हे यंत्र जन्मलं तिथली ही गोष्ट.

मग तापमान मोजणं निव्वळ फालतू का? नाही. इथे मी सहकाऱ्यांशीही भांडते. मधुमेही माणसाच्या दोन्ही तळपायांवर त्याच त्या जागी तापमान मोजलं आणि फरक २.२ अंशांहून जास्त राहिला, तर तिथे जखम व्हायची शक्यता वाढलेली असते. चालणं कमी करून वेळेत डॉक्टरांकडे गेलं तर पाय वाचतो. फ्रॅक्चरनंतर हात सुजून, रंग बदलून, हात लावू देत नाही अशी जी अवस्था होते, तिच्या निदानात दोन हातांतल्या तापमानाचा एक अंशाहून जास्त फरक धरला जातो. दोन्हीकडे फरक मोठा आहे, जागा ठरलेली आहे आणि मोजून पुढे काय करायचं ते माहीत आहे. पाठीवरच्या पाव-अर्ध्या अंशाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी ढिल्या आहेत.

पाठीवरही एकदा उष्णतेने मला खरं सांगितलं. साठीच्या एक मावशी, कसबा बावड्यातून आलेल्या. उजव्या बरगडीखाली आग आग, 'उसण भरलीय, जरा दाबून दे गं' म्हणाल्या. हात फिरवला तर पाठीच्या कण्यापासून पुढे पोटाकडे जाणारा चार बोटं रुंदीचा पट्टा हाताला चक्क कोमट लागला, कण्याच्या डावीकडे काही नाही. कातडीवर डाग नाही, पुरळ नाही. पदर नुसता घासला तरी कळवळत होत्या. मी दाबलं नाही. "मावशी, दोन दिवसांत इथे फोड आले तर क्षणभर थांबू नका, डॉक्टरांकडे जा," एवढं सांगून त्यांच्या फॅमिली डॉक्टरांना फोन केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोड आले. नागीण. तिची गोळी फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर जास्त उपयोगी पडते, त्यांची वेळेत झाली. यंत्र तेव्हा कपाटातच होतं, लागलं नाही.

आता तुमची कंबर. बघितल्याशिवाय निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून काही गोष्टी दिसतात. पायात कळ नाही, मुंग्या नाहीत, शिंकताना-खोकताना पायात वीज जात नाही. म्हणजे नस दबल्याची जी लक्षणं असायला हवीत तीच नाहीत. नस तपासायची असेल तर त्याला शंभर रुपयांची हातोडी आणि दहा मिनिटं पुरतात: पाय सरळ ठेवून वर उचलणे, गुडघ्याची आणि घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया, पायाचा अंगठा वर खेचायची ताकद, टाचांवर आणि चवड्यांवर चालणं, कापसाने स्पर्श दोन्ही पायांना सारखा लागतो का. हे तुमच्यावर केलं का सेंटरमध्ये? तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही. अकरा नसा दबल्याचं सांगणाऱ्याने एकही नस तपासू नये, याला काय म्हणायचं!

व्हीएमसीवर दिवसभर एकाच जागी काँक्रीटवर उभं राहायचं, जॉब लावताना दार उघडून आत वाकायचं आणि त्याच वाकलेल्या अवस्थेत व्हाइस आवळायचा. मला पहिला संशय तिथे आहे. पायाखाली रबरी मॅट, एक पाय आलटून पालटून ठेवायला सहा इंच उंचीचा पाट, जॉब शक्य तेवढा अंगाजवळ आणि दर तासाला दोन मिनिटं मागे वाकणं, एवढं दोन आठवडे करून बघा. रोज अर्धा तास चाला, रंकाळ्यावर असो नाहीतर कॉलनीत. अंथरुणावर पडून राहू नका. हाताने मणके सोडवून घ्यायला माझी हरकत नाही, कंबरदुखीत त्याचा थोडाफार फायदा होतो. पण तो तीन-चार वेळांत जाणवायला हवा. त्यात काहीच फरक नाही तर चोवीसाव्या वेळी पडेल हे मानायला मी तयार नाही. चोवीस मणक्यांना चोवीस सिटिंग असा हिशोब असेल तर गोष्ट वेगळी! कट्ट आवाज आला म्हणजे हाड जागेवर बसलं असंही समजू नका, सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते तेव्हा तो आवाज येतो. आणि दुखणं कमरेचं असताना कुणी मान झटक्याने वळवायला लागलं तर सरळ नको म्हणा. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होणं दुर्मीळ आहे, पण होते तेव्हा साधी नसते.

काही लक्षणं मात्र अशी आहेत की तिथे माझ्याकडेही येऊ नका. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पाऊल लोंबायला लागलं, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) असेल नाहीतर कुठलाही. रोज संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर मणक्याचा क्षय नाही ना हे आधी बघायला हवं. आपल्याकडे तो अजून आहे आणि पाठीच्या बारा सिटिंगमध्ये त्याचे तीन महिने फुकट गेलेले मी पाहिलेत.

सेंटरवाल्याच्या डिग्रीचंही विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शिकेत कायरोप्रॅक्टरच्या पूर्ण शिक्षणासाठी किमान ४,२०० तास धरलेत, त्यांतले हजार तरी देखरेखीखाली पेशंटवर. आपल्या देशात या पंथासाठी वेगळी कायदेशीर परिषद नाही, त्यामुळे चार वर्षं शिकलेला आणि शनिवार-रविवारचा कोर्स केलेला, दोघांच्या पाट्या सारख्याच दिसतात. चांगले शिकलेले कायरोप्रॅक्टर मी पाहिलेत, ते हातोडीही काढतात आणि गरज नसेल तर परतही पाठवतात.

पॅकेजचे पैसे भरायच्या आधी एक करा. सेंटरमध्ये जा आणि म्हणा, 'मला आजच दोनदा मोजा, मध्ये कसलाही उपचार नको.' पहिल्यांदा मोजून झालं की वीस मिनिटं डाव्या कुशीवर पडून राहा, मग उठून पुन्हा मोजायला सांगा. दोन्ही कागद तारीख-वेळेसकट मागून घ्या, मोजणीचे पैसे दिलेत म्हणजे कागद तुमचा आहे. शेजारी शेजारी ठेवा आणि लाल पट्टे मोजा. दुसऱ्या कागदावर किती उरले, किती बाजू बदलून आले, ते मला लिहून कळवा.